आक्रमक अष्टपैलूची किंमत कशी मोजावी

निवड समितीच्या बैठकीत अकरावे नाव ठरवताना वाद बहुधा एकाच प्रकारच्या मुलावरून होतो. तो सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन तीस-चाळीस धावा झपाट्याने काढतो, दिवसाकाठी बारा-पंधरा षटके टाकतो आणि दर तिसऱ्या डावात असा काही फटका मारून बाद होतो की तंबूत बसलेले सगळे कपाळाला हात लावतात. त्याच्या नावापुढे फलंदाजीची सरासरी २४ आणि गोलंदाजीची (म्हणजे दर बळीमागे दिलेल्या धावांची, जितकी कमी तितकी चांगली) ३१ असे आकडे असतात. शेजारच्या ओळीत ३६ ची सरासरी असलेला, फक्त फलंदाजी करणारा शांत मुलगा असतो. आकडे खोटे नसतात. मात्र ज्या गोष्टीसाठी पहिला मुलगा संघात हवा असतो, ती गोष्ट त्या रकान्यांत नोंदलेलीच नसते. ती कशी नोंदावी, तिच्या आधारे निवड कशी करावी आणि निवडलेल्या मुलाला कसे वापरावे, हे गोव्यातील फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव येथील क्लबांच्या कर्णधारांसाठी व प्रशिक्षकांसाठी येथे लिहिले आहे. उदाहरणे कसोटी सामन्यांतील आहेत, कारण तेथे वेळ भरपूर असतो आणि म्हणूनच वेळेचा हिशेब तेथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

सरासरीतील वजाबाकी

अष्टपैलू खेळाडूला तोलण्याची रूढ पद्धत सोपी आहे: फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करायची. गारफिल्ड सोबर्स यांची फलंदाजीची सरासरी ५७.७८ आणि गोलंदाजीची ३४.०३, म्हणजे शिल्लक जवळजवळ २४. जॅक कॅलिस यांची ५५.३७ आणि ३२.६५, शिल्लक २३ च्या आसपास. इम्रान खान यांची ३७.६९ आणि २२.८१, शिल्लक १५. इयान बॉथम यांच्यापाशी ही शिल्लक ५ वर येते (३३.५४ आणि २८.४०) आणि कपिल देव यांच्यापाशी दीडसुद्धा उरत नाही (३१.०५ आणि २९.६४). या हिशेबाने कपिल देव साधारण खेळाडू ठरतात. १३१ कसोटींत ५२४८ धावा आणि ४३४ बळी देणाऱ्या माणसाविषयी जी मोजपट्टी असे सांगते, तिच्यात काहीतरी सुटले आहे हे उघड आहे.

सुटली आहे ती वेळ. सरासरी धावा सांगते. त्या धावा कोणत्या वेळी, किती षटकांत आणि समोरच्या कर्णधाराच्या कोणत्या बेताला मोडून आल्या हे सांगत नाही. कॅलिस यांच्यासारखा खेळाडू डावाला पाया देतो आणि त्याची किंमत सरासरीत पुरेपूर उतरते. आक्रमक अष्टपैलूचे काम वेगळे आहे, त्यामुळे त्याच्यासाठी वही वेगळी आखावी लागते.

वेळेचा हिशेब

कसोटीचा दिवस ९० षटकांचा असतो आणि सामना जिंकायचा तर सामान्यतः प्रतिस्पर्ध्यांचे वीस गडी बाद करावे लागतात. आता असे धरा की आपल्या संघाने ८५ षटकांत ५ बाद २५० धावा केल्या आहेत आणि उरलेले फलंदाज आणखी १२० धावांची भर घालणार आहेत. षटकामागे तीनच्या गतीने त्या यायला ४० षटके लागतील. साडेचारच्या गतीने २७ पुरतात. धावफलकावर दोन्ही डाव ३७० वरच संपतात आणि सरासरीच्या वहीत दोहोंत काही फरक पडत नाही, पण वेगाने खेळणाऱ्या संघाच्या हाती तेरा षटके जास्त उरतात. तेरा षटके म्हणजे जवळपास एक तास. हा तास दिवसाच्या अखेरीस आला, तर दिवसभर क्षेत्ररक्षण करून पाय जड झालेल्या सलामीवीरांना संध्याकाळच्या त्या तासात नव्या चेंडूसमोर उभे करणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांतीनंतर उभे करणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने सलामी केली आहे त्याला विचारावे.

आपल्याकडील दोन दिवसांच्या सामन्यांत हा तास अधिकच मोलाचा होतो, कारण सगळा सामनाच जेमतेम १८० षटकांचा असतो. फॉलोऑनसाठी, म्हणजे पिछाडीवरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यासाठी, कसोटीत २०० धावांची आघाडी लागते, तीन वा चार दिवसांच्या सामन्यात १५० आणि दोन दिवसांच्या सामन्यात १००. रणजी करंडकाच्या साखळी सामन्यात निकाल लागला नाही तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन गुण मिळतात आणि पिछाडीवर असणाऱ्याला एक. हे उंबरठे ध्यानात ठेवून पाहिले म्हणजे तीस चेंडूंतल्या चाळीस धावा कधी शतकाच्या तोडीच्या असतात आणि कधी केवळ करमणुकीच्या, ते कळू लागते. संघ ४ बाद ४५० वर असताना झोडलेल्या चाळीस धावांना मी फारसे गुण देत नाही, मग प्रेक्षकांनी कितीही टाळ्या वाजवल्या असोत.

म्हणून स्कोअररला सांगून या मुलासाठी एक वेगळे पान उघडावे. त्यावर तो मैदानात आला तेव्हाची धावसंख्या, आघाडी किंवा पिछाडी आणि दिवसाची उरलेली षटके लिहावीत. तो बाद झाला तेव्हा तेच तीन आकडे पुन्हा लिहावेत. तिसरी नोंद स्कोअरर सहसा करत नाहीत, पण मला ती सर्वांत बोलकी वाटते: तो आला तेव्हा झेलासाठी किती क्षेत्ररक्षक जवळ उभे होते आणि पाच षटकांनंतर किती राहिले. तीन स्लिप आणि एक गली यांच्या जागी एकच स्लिप उरली आणि बाकीचे सीमारेषेकडे पांगले, तर दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला बॅटची कड लागूनही जीवदान मिळू लागते आणि एकेरी धावा आपोआप येतात. त्या धावा दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. म्हणून चौथी नोंद भागीदारीतील जोडीदाराच्या धावांची ठेवावी.

शार्दूल ठाकूर यांचे दोन सामने

ही वही कशी वाचावी याचा वस्तुपाठ पालघरच्या शार्दूल ठाकूर यांच्या दोन सामन्यांत आहे. कसोटीतील त्यांची फलंदाजीची सरासरी विशीच्या आत आहे, म्हणजे नुसते आकडे पाहणारी समिती त्यांना अष्टपैलू म्हणायलाच तयार होणार नाही.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांसमोर भारत ६ बाद १८६ वर होता आणि दुखापतींमुळे मुख्य गोलंदाजांपैकी जवळजवळ कोणीच उभे नव्हते. ठाकूर यांनी खाते उघडले तेच पॅट कमिन्स यांना हुकचा षटकार मारून. त्यांनी ६७ आणि पदार्पण करणाऱ्या वॉशिंग्टन सुंदर यांनी ६२ धावा केल्या, सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागीदारी झाली आणि भारताची पिछाडी ३३ धावांवर आली. आता त्या ६७ धावा नसत्या तर काय झाले असते ते मांडून पाहावे. पिछाडी शंभराच्या पलीकडे गेली असती, ऑस्ट्रेलियाने दुसरा डाव निर्धास्तपणे वाढवून घोषित केला असता आणि शेवटच्या दिवशी ३२८ चे लक्ष्य समोर आलेच नसते. ऋषभ पंत यांच्या नाबाद ८९ धावा सर्वांच्या लक्षात आहेत. त्या खेळण्याची संधी दोन दिवस आधी सातव्या-आठव्या क्रमांकाने निर्माण केली होती. ठाकूर आणि सुंदर यांनी पहिल्या डावात प्रत्येकी तीन बळीही घेतले होते, आणि दुसऱ्या डावात ठाकूर यांनी आणखी चार.

त्याच वर्षी सप्टेंबरात ओव्हलवर भारत ७ बाद १२७ असा असताना त्यांनी ३६ चेंडूंत ५७ धावा केल्या. संघ १९१ वर आटोपला, तेव्हा हा डाव काही कोणी महान म्हणणार नाही, पण त्याच्याशिवाय भारत पहिल्याच दिवशी सामन्याबाहेर गेला असता. दुसऱ्या डावात ६० धावा करताना त्यांनी पंत यांच्याबरोबर शंभर धावांची भागीदारी केली. शेवटच्या दिवशी इंग्लंडने बिनबाद १०० पर्यंत मजल मारली असताना सलामीची जोडी त्यांनी फोडली, आणि नंतर जो रूट यांचा त्रिफळाही त्यांनीच उडवला. डावात बळी दोनच. पण कोणते आणि केव्हा, हे आपल्या वहीत नोंदले गेले पाहिजे. भारताने तो सामना १५७ धावांनी जिंकला.

पाचवा गोलंदाज म्हणून

गोलंदाजीच्या बाजूचा हिशेब लहान आहे. चार गोलंदाजांत ९० षटके वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस येतात. पाचवा असला तर अठरा. ही साडेचार षटके दिवसअखेर जाणवतात, कारण कसोटीत ८० षटकांनंतर नवा चेंडू मिळतो आणि तो घेणाऱ्याच्या अंगात जोर उरलेला असला पाहिजे. म्हणून अष्टपैलूने किती बळी घेतले याच्या बरोबरीने त्याने कोणाला, कोणत्या वेळी विश्रांती दिली, हे लिहावे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. पर्वरीच्या पठारावर, आणि कांपालच्या भाऊसाहेब बांदोडकर मैदानावर तर अधिकच, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि त्या वाऱ्याच्या तोंडावर चेंडू टाकायला कोणताही वेगवान गोलंदाज राजी नसतो. ऑक्टोबरच्या आणि मार्चनंतरच्या दमट हवेत तर ते टोक म्हणजे शिक्षाच असते. ते टोक हसतमुखाने घेऊन सहा षटकांत बारा धावा देणारा मुलगा एकही बळी न घेता मुख्य गोलंदाजाला दुसऱ्या टोकाकडून बळी मिळवून देतो. टोक बांधून ठेवण्याची ही कला आक्रमक खेळाडूंची मक्तेदारी नाही, हेही सांगितले पाहिजे. बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली आणि डावाअखेर त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा असे होते. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद शतकही केले. ज्या संघाला आक्रमक अष्टपैलू सापडत नाही, त्याने नाडकर्णींच्या जातीचा शोधावा. खोटा आक्रमक निवडण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

निवड करताना

माझा पहिला नियम कठोर आहे आणि त्यावरून माझे अनेकांशी मतभेद झाले आहेत. त्या मुलाची एक विद्या अशी हवी की केवळ तिच्या बळावर तो संघाच्या पहिल्या तेरा-चौदा नावांत यावा. फलंदाज म्हणून सातवा-आठवा पर्याय आणि गोलंदाज म्हणूनही सहावा पर्याय, असा मुलगा दोन्हीकडून थोडे थोडे देतो, पण सामना अडला की कर्णधार त्याच्याकडे चेंडूही देत नाही आणि त्याला फलंदाजीत वरही पाठवत नाही. अशा मुलाला अष्टपैलू म्हणणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

दुसरी कसोटी आक्रमकता आणि उतावीळपणा यांतील भेदाची. यासाठी त्याचे पहिले वीस चेंडू पाहावेत आणि त्याने मारलेले फटके न मोजता सोडलेले चेंडू मोजावेत. ऑफ स्टंपबाहेरचे सहा चेंडू सोडून सातवा आखूड चेंडू सीमेपार धाडणारा मुलगा आक्रमक आहे. सातही चेंडूंवर बॅट फिरवणारा नशिबाच्या भरवशावर आहे. हेडिंग्लेला ऑगस्ट २०१९ मध्ये बेन स्टोक्स यांनी ३५९ च्या पाठलागात नाबाद १३५ धावा केल्या आणि शेवटच्या गड्यासाठी ७६ धावांची अभेद्य भागीदारी केली, ज्यात जॅक लीच यांचा वाटा एका धावेचा होता. पण आदल्या संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा हेच स्टोक्स ५० चेंडूंत २ धावांवर नाबाद होते. मुलांना षटकारांची चित्रफीत दाखवताना हे पन्नास चेंडूही दाखवावेत.

कपिल देव यांचे लॉर्ड्सवरचे चार षटकार हे त्याहूनही नेमके उदाहरण आहे. १९९० च्या त्या सामन्यात इंग्लंडने ४ बाद ६५३ वर डाव घोषित केला होता आणि ९ बाद ४३० वर असलेल्या भारताला फॉलोऑन टाळायला २४ धावा हव्या होत्या. दुसऱ्या टोकाला नरेंद्र हिरवाणी होते, ज्यांच्या फलंदाजीवर कोणाचा भरवसा नव्हता. कपिल यांनी एडी हेमिंग्ज यांच्या षटकातील पहिले दोन चेंडू खेळून काढले आणि उरलेल्या चारांवर चार षटकार मारले. पुढच्याच षटकात हिरवाणी बाद झाले. हा वरवर वेडा दिसणारा प्रकार म्हणजे साधा हिशेब होता: उरलेले चेंडू चार, हव्या असलेल्या धावा २४ आणि जोडीदार टिकण्याची आशा शून्य. भारत तो सामना हरला, ही गोष्टही लपवू नये. फॉलोऑन टळला एवढेच त्या चार षटकारांनी साधले.

टेनिस चेंडूवरून आलेली मुले

आपल्या खेड्यांत भातकापणी झाली की शेतांत टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात आणि क्लबांना फटकेबाज मुले बहुतेक तेथूनच मिळतात. त्यांचा हात मोकळा असतो, नजर तीक्ष्ण असते आणि भीती नसते. अडचण एवढीच की टेनिस चेंडू कडेला लागून स्लिपकडे वेगाने जात नाही, म्हणून चेंडू सोडण्याची सवयच त्यांना लागत नाही. शिवाय बांधाच्या अलीकडची लेगची बाजू जवळ असल्याने सगळे फटके तिकडेच ओढलेले असतात. अशा मुलाला नेटमध्ये आणून लगेच त्याचा फटका दुरुस्त करायला घेऊ नये. आठ-दहा दिवस त्याला फक्त नव्या लेदर चेंडूसमोर उभे करून ऑफ स्टंप कोठे आहे ते ओळखायला लावावे. फटका आहे तसाच राहू द्यावा. एका चांगल्या मुलाचा फटका मी स्वतः, नको तितका सुधारून, दोन हंगामांत नाहीसा केला होता. तो पुढे क्रिकेट सोडून फुटबॉलकडे वळला आणि तिकडे त्याचे बरे चालले, एवढेच समाधान.

गोलंदाजीत पहिला नव्हे, तिसरा स्पेल (सलग षटकांचा टप्पा) पाहावा. टेनिस चेंडूच्या सामन्यात दोनच षटके टाकायची असतात, त्यामुळे दुपारी चार वाजता पंधराव्या षटकात त्याचा चेंडू कोठे पडतो, यावरून बरेच कळते.

संघात आल्यावर

त्याची जागा सातवी असावी, फार तर सहावी. एका शतकानंतर त्याला पाचव्यावर चढवण्याचा मोह होतो आणि तेथे समोर नवा चेंडू आला की महिन्याभरात त्याचा आत्मविश्वास आणि आपला फलंदाजीचा क्रम दोन्ही विस्कटतात. त्याच्यासोबत खेळणाराही विचारपूर्वक ठरवावा. पर्वरीला डिसेंबर २०२२ मध्ये राजस्थानविरुद्ध गोव्याकडून रणजी पदार्पण करताना डावखुऱ्या अर्जुन तेंडुलकर यांनी १२० धावा केल्या, तेव्हा दुसऱ्या टोकाला सुयश प्रभुदेसाई २१२ धावांचा डाव बांधत होते आणि सहाव्या गड्यासाठी दोनशेहून अधिक धावांची भागीदारी झाली. वरच्या फळीतला एक फलंदाज तळ ठोकून असला की खालून येणाऱ्याला मोकळेपणाने खेळता येते. तो नसेल तर त्याच मुलाला आधी अर्धा तास तग धरायला सांगावे लागते, आणि तसे सांगितले पाहिजे.

चेंडू त्याच्या हाती चार-पाच षटकांच्या तुकड्यांत द्यावा. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर बॉथम यांनी एकाच कसोटीत ११४ धावा आणि १३ बळी घेतले. ते वाचून सतरा वर्षांच्या मुलाकडून तशी अपेक्षा करणाऱ्या कर्णधाराला गोव्याच्या उन्हात स्वतः वीस षटके टाकायला लावावीत. ज्या दिवशी त्याने दोन तास फलंदाजी केली, त्या संध्याकाळी त्याला नवा चेंडू देऊ नये.

अपयशाचे काय करायचे, हे हंगामाच्या आधीच ठरवून समितीच्या कागदावर लिहून ठेवावे, कारण नंतर ते रागाच्या भरात ठरते. या जातीचा खेळाडू तीन डावांवरून जोखू नये; निदान दहा डाव आणि शंभर षटके होऊ द्यावीत. मधल्या काळात तो बाद होऊन आला की फटक्याविषयी न बोलता त्याला तीनच प्रश्न विचारावेत: आघाडी किती होती, षटके किती उरली होती, जोडीदार कोण होता. तिन्ही उत्तरे बरोबर असतील तर फटका चुकला एवढेच झाले आणि तो विषय तेथेच सोडावा. उत्तरे येत नसतील तर पुढच्या सामन्यात त्याला फलंदाजीला जाण्याआधी अर्धा तास स्कोअररच्या शेजारी बसवावे आणि त्याच्या पानावरचे रकाने त्याच्याच हाताने भरायला लावावेत.